सहाव्या रांगेतली सीट

"अगं, या सीटमध्ये काहीतरी टोचतंय."

"तुम्हाला सगळीकडे काहीतरी टोचतंच. मागच्या वर्षी लेकीच्या नव्याकोऱ्या सोफ्यात टोचत होतं."

"तो सोफा होता. ही माझी मांडी आहे."

"मग मांडी काढून वर बॅगांशेजारी ठेवा. अठरा दिवस जायचेत अजून, पहिल्या दहा मिनिटांतच रडगाणं नको."

हे बोलणं झालं ते पाचव्या रांगेत बसलेल्या थोरलीच्या बरोबर कानामागे. तिनं मान वळवली नाही, पण कान टवकारले. कारण या बसमधल्या चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस सीटा तिनं आणि तिच्या शेजारी खिडकीत बसलेल्या धाकट्या जावेनं शिवल्या होत्या. डावीकडच्या बावीस थोरलीच्या, उजवीकडच्या बावीस धाकटीच्या. मागचा तक्रारखोर माणूस सहाव्या रांगेत, डावीकडे, खिडकीत. म्हणजे थोरलीच्याच शिवणीवर.

तिनं हळूच धाकटीकडे पाहिलं. धाकटी काचेला नाक लावून बाहेर बघत होती. तिनं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा सीटा भरायचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, दोन शिवणयंत्रं आणि कायम डोक्यात चढणारा चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. दोघे भाऊ फळ्या कापायचे, सांगाडे बसवायचे; दोघी जावा फोम चिकटवायच्या, रेक्झिन शिवायच्या. बसमालक काम बघून इतका खूश झाला, की लांबच्या पहिल्या सहलीच्या दोन जागा त्यानं कारखान्याला भेट दिल्या. यावर दोन्ही भाऊ एका सुरात म्हणाले, "तुम्ही दोघी जा." बावीस वर्षांच्या संसारात थोरलीनं या दोन भावांचं चहात साखर किती यावरही एकमत झालेलं पाहिलं नव्हतं. तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दोघींत पडलेल्या अंतराचं मूळ कारण होतं कात्री. सासूबाईंची काळी कात्री. वीतभर पात्यांची, जाडजूड रेक्झिन एका घासात कापणारी. सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात ती थोरलीच्या हातात दिली होती. आठ महिन्यांपूर्वी, याच बसचं काम चालू असताना, ती नाहीशी झाली. यंत्रांखाली पाहिलं, फोमच्या गठ्ठ्यांत पाहिलं, कचऱ्याची पोती उलटी केली. आणि नेमकं त्याच आठवड्यात धाकटीच्या बहिणीनं गावाच्या दुसऱ्या टोकाला शिवणाचं दुकान काढलं होतं, आणि धाकटी रविवारी भली मोठी पिशवी घेऊन तिकडे जाऊन आली होती.

थोरली कुणाला काही बोलली नाही. "कात्रीला पाय फुटले वाटतं," एवढंच यंत्राकडे बघून म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांच्या खणाला कुलूप लावलं. धाकटी सकाळी दोऱ्याचं रीळ हातात घेऊन त्या कुलपासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, दोरा कुठे ठेवू?"

तेव्हापासून दोघींचं बोलणं शिवणीपुरतं. "जरा ताण." "पायपिंग संपली." "सुई बदला." घरात एक दोन अक्षरी शब्द कुणीच उच्चारत नव्हतं. टीव्हीवर चोर-पोलिसांचं काही लागलं, की भावजी मोठ्यांदा खोकून चॅनेल बदलत.

आणि सहलीच्या आठच दिवस आधी थोरलीचा नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता, "धाकटी म्हणते, सहलीहून आल्यावर बहिणीच्या दुकानात बसते. कायमची."

"का म्हणे?"

"तुला माहीत नाही?"

"नाही बाई."

"मग मलाही नाही," असं म्हणून तो दुसऱ्या बुटाची नाडी न बांधताच निघून गेला.

थोरली त्या दिवशी काम टाकून बसून राहिली. रेक्झिन ताणून बसवायचं तर दुसरं टोक धरायला माणूस लागतं. ते टोक गेली एकोणीस वर्षं धाकटीनं धरलं होतं. आता ते कोण धरणार? नवरा? त्याला नाडीही धड धरता येत नाही.

तर अशा या दोघी एका सीटवर खांद्याला खांदा लावून निघाल्या, आणि पहिल्याच शहरात पोचल्यावर थोरलीचं वय निम्म्यावर आलं.

काय काय पाहिलं त्यांनी! काचेचा पूल पाहिला, ज्याच्याखाली पाच मजले खोल नदी वाहत होती. त्यावरून थोरली डोळे मिटून गेली आणि मग उघड्या डोळ्यांनी मुद्दाम परत आली. चाळीस मजल्यांच्या इमारतीची लिफ्ट पाहिली, जिच्यात पोट खालीच राहतं आणि माणूस वर पोचतो. रात्रीसारखा काळोख करून भर दुपारी तारे दाखवणारा गोल घुमट पाहिला. माईकवाली, म्हणजे त्यांची गाईड, तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी, "लोकहो, वर बघा" म्हणायची, तेव्हा सगळे वर बघायचे आणि या दोघी खाली. खुर्च्यांकडे.

"बघा ताई, दुहेरी टीप आहे."

"आणि कोपरा बघ. कोपऱ्यात चुणी नाही एक."

जुन्या राजवाड्यात तर कहरच झाला. दोरीपलीकडे राजाची खुर्ची होती, लाल मखमलीची. थोरलीनं दोरीखालून वाकून बैठकीची खालची बाजू उचकून पाहिली. पहारेकरी धावत आला. "बाई! काय करताय?"

"फोम नाहीये," थोरली त्याला आनंदानं म्हणाली. "घोड्याचे केस भरलेत! अगं ए, इकडे ये, घोड्याचे केस!"

धाकटी हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा दात दिसतील इतकी हसली. थोरलीला वाटलं, आत्ता बोलावं. पण बोलायचं काय? तिला तेव्हा अजून माहीतच नव्हतं. ती आपली "चल, चहा घेऊ" म्हणाली.

रोज संध्याकाळी घरून फोन यायचा.

"झालं का?" नवरा विचारायचा.

"काय झालं का?"

"जेवण."

"झालं."

"दोघींचं?"

"दोघींचं."

"बरं," असं म्हणून तो उसासा सोडायचा, आणि मागून भावजींचा आवाज यायचा, "काय म्हणतात? झालं का?"

मागच्या सीटवरचं टोचणं मात्र चालूच होतं. तो माणूस निवृत्त दातांचा डॉक्टर निघाला. चाळीस वर्षं लोकांना "जराही दुखणार नाही" असं सांगून झाल्यावर आता स्वतःचं जरा दुखलेलं त्याला सोसवत नव्हतं. त्याची बायको गोल, हसरी, गळ्यात दुर्बीण अडकवलेली. ती नवऱ्याचं ऐकायची तेवढं ऐकायची आणि मग दुर्बीण डोळ्यांना लावायची.

सातव्या दिवशी वाळवंट लागलं. डांबरी रस्ता संपला आणि खडबडीत, पत्र्याच्या वळ्यांसारखी वाट सुरू झाली. सगळी बस थडथडायला लागली. आणि त्या थडथडीत, कानामागून, थोरलीला आवाज आला.

कट्. कट्‌कट्. कट्.

तिच्या अंगातून वीज गेली. हा आवाज ती झोपेतही ओळखेल. काळ्या कात्रीची पाती एकमेकांवर मिटतात तेव्हाचा. तिला एकदम सगळं लख्ख आठवलं. सोल्यूशन लावलं, की फोम फळीला धरेपर्यंत त्यावर वजन ठेवावं लागतं. बाकीचे लोक विटा ठेवतात. थोरली कात्री ठेवायची. हाताशी असते, जडही असते. सहाव्या रांगेची ती सीट करत असताना वरून हाक आली, दूध उतू गेलं. ती पळाली. परत आली ती दुधाच्या नावानं बोटं मोडत. वरून कापसाचा थर पसरला, वर रेक्झिन ताणलं आणि टीप मारली. कात्रीसकट. फोम नवा होता, गुबगुबीत होता, तोवर कुणाला कळलं नाही. आठ महिने लोक बसून बसून तो चेपला, आणि आता कात्री डोकं वर काढत होती.

"ऐकलंस?" मागे डॉक्टर बायकोला म्हणाले. "सीट दात वाजवतेय."

थोरलीनं घाईघाईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी बाहेर बघत होती. तिचा हात मात्र मांडीवर अगदी स्थिर होता, आणि अंगठा आणि मधलं बोट जवळ आलेली होती, कात्री धरल्यासारखी. की थोरलीलाच तसं वाटलं?

त्या दुपारी वाळूचे डोंगर आले. माईकवालीनं सगळ्यांच्या हातात एकेक फळी दिली आणि सांगितलं, वर चढा, फळीवर बसा आणि स्वतःला सोडून द्या. चाळिशी पार केलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "मी सांगाड्याच्या फळ्या बावीस वर्षं उचलते आहे. आज फळीनं मला उचलू दे." आणि ती जी सुटली! कानांत वारा, तोंडात वाळू, आणि कुठून तरी एक किंकाळी. ती स्वतःचीच आहे हे तिला खाली पोचल्यावर कळलं. मागोमाग धाकटी आली, घसरत, उलटीपालटी होत, थेट तिच्या अंगावर. दोघी वाळूत लोळत हसत राहिल्या. धाकटीच्या पापण्यांवर वाळू होती.

"ताई, पुन्हा?"

"पुन्हा!"

त्या चार वेळा वर चढल्या. पाचव्या वेळी, वर दम खात बसल्या असताना, समोर वाळूचा रंग बदामी, मग केशरी, मग तांब्यासारखा होत गेला. थोरली म्हणाली, "अगं, ऐक ना."

"काय?"

कात्रीचा शब्द अगदी ओठांवर होता.

"पाणी पी. ऊन आहे," थोरली म्हणाली.

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, बाटली घेतली आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं डॉक्टरांना स्वतःची जागा देऊ केली. "तुम्ही पुढे बसा, डॉक्टर. मला टोचून घ्यायची सवय आहे. सुयांमध्येच आयुष्य गेलंय." डॉक्टर असे गहिवरले, की ते दात न दुखता काढलेल्या पेशंटसारखे दिसले. थोरली सहाव्या रांगेत बसली. बसल्या बसल्या तिला कळलं. ही डावीकडे मोठी मूठ, चार बोटांची. ही अंगठ्याची. हा मधला खिळा. पाती भिंतीकडे. बिचारी कात्री आठ महिने लोकांच्या खाली मुकाट पडून होती.

आणि तिथे बसल्यावर तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कुणालाही काही सांगायची गरज काय? पर्समध्ये अर्धं ब्लेड आहे, दाभण आहे, दोरा आहे. बस रिकामी असताना चार बोटं शिवण उसवायची, कात्री काढायची, पुन्हा शिवायची. घरी गेल्यावर एके दिवशी कपाटामागे हात घालायचा आणि ओरडायचं, "अगंबाई, सापडली की!" कुणाचं काही गेलं नाही, कुणाला काही म्हणावं लागलं नाही. सगळं कसं साफसूफ. तिला ही युक्ती इतकी आवडली, की तिनं दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

पण संधी मिळेना. थोरली "डोकं दुखतंय" म्हणून बसमध्ये थांबली, की डॉक्टरांची बायको मलम घेऊन हजर. त्यात एकदा डॉक्टर डोक्यावरचा चष्मा अर्धा तास शोधत बसले, तेव्हा ती हसून म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" सगळी बस हसली. थोरलीनं मात्र हातातलं बिस्किट परत पुड्यात ठेवलं.

तेराव्या दिवशी जंगल सुरू झालं, आणि सगळ्यांना जणू चेवच चढला. पहाटे पाचला लोक स्वतःहून बसमध्ये येऊन बसू लागले. पहिल्या दिवशी फांद्यांसारख्या शिंगांच्या सांबरांचा कळप. दुसऱ्या दिवशी वाटेवर ताणून झोपलेली सिंहीण. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, तिनं एक डोळा उघडून चव्वेचाळीस माणसं पाहिली आणि कंटाळून पुन्हा मिटला. नदीत रानरेडे होते, पाण्यातून फक्त नाकपुड्या आणि कान बाहेर काढून बसलेले. "तुमचे भावजी आंघोळीला बसले की अस्सेच," धाकटी म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर लाजली. नवऱ्याबद्दल ती थोरलीशी असं बोलली त्याला कितीतरी महिने झाले होते. मागच्या सीटवरून थोरली खो खो हसली. आणि हसता हसताच तिला आठवलं, सहलीचे तीनच दिवस उरलेत.

सोळाव्या दिवशी शेवटच्या अभयारण्याच्या फाटकाशी बस उभी राहिली. परवाने होईपर्यंत माईकवाली सगळ्यांना मनोऱ्यावर घेऊन गेली. ड्रायव्हर कागदपत्रं घेऊन खिडकीशी. बस रिकामी. थोरलीनं ब्लेड काढलं.

आपलीच शिवण उसवणं सोपं नसतं. तिनं तीन-तीन टाके मागे घेऊन गाठ मारलेली. कुणी इतकं पक्कं शिवायला सांगितलं होतं? पण एक एक टाका सुटला. तिनं दोन बोटं आत घातली, कापूस बाजूला केला, आणि बोटांना थंडगार लोखंड लागलं. अंगठ्याची कडी! तिनं ओढली. मूठ फटीतून बाहेर आली, तेवढ्यात—

"ताई! ताई, हत्ती!" धाकटी पायऱ्या चढून धावत आली. गाल लाल, केस विस्कटलेले. "कळप रस्त्याकडेच येतोय! चला, चला!" तिच्यामागे अख्खी सहल बसमध्ये घुसली. थोरलीनं ओढणी सीटवर टाकली. आणि डॉक्टर धापा टाकत आले. "माफ करा, पण हत्ती डावीकडून येणार. आज मला माझी खिडकी पाहिजे. टोचलं तर टोचलं!"

"अहो, पण—"

"चाळीस वर्षं मी माणसांच्या तोंडात बघितलं. आज हत्ती बघणार!" असं म्हणून ते तिच्या अंगावरून पलीकडे झाले, आणि ती नाइलाजानं उठून पुढे, धाकटीशेजारी येऊन बसली.

बस शंभर पावलं गेली असेल, नसेल. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. माईकवालीनं माईक बाजूला ठेवून हातानंच खूण केली आणि कुजबुजली, "काचा बंद. कुणी हलायचं नाही. एक शब्दही नाही."

आणि झाडीतून ते आले. आधी एक सोंड, मग कपाळ, मग डोंगरच्या डोंगर. एक, चार, नऊ. पिल्लं पायांच्या जंगलात लपलेली. सगळ्यांत मोठी हत्तीण रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, बसच्या इतक्या जवळ, की तिच्या पापण्यांचे केस मोजता यावेत. तिची कातडी बघून थोरलीच्या मनात आलं, केवढं हे रेक्झिन आणि कुठे एक जोड नाही! तिला धाकटीचा हात धरावासा वाटला. धाकटीचा हात तिच्या हाताशेजारीच होता, काचेवर. दोघींचा श्वास एकाच काचेवर धुकं करत होता.

"आई गं!"

डॉक्टर. पूर्ण वजनानं ओढणीवर टेकले होते.

हत्तिणीनं कान फडकवले. माईकवालीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. डॉक्टरांनी मांडीखाली हात घातला, दात काढणाऱ्याच्या सराईतपणानं एक हिसका दिला, आणि वीतभर पात्यांची काळी कात्री वर धरली. तिच्या टोकाला कापसाचा पुंजका लोंबत होता.

"ही," डॉक्टर कुजबुजले, "कुणाची?"

थोरलीची युक्ती धुळीला मिळाली. आता कपाट नाही, कपाटामागे हात नाही. अख्खी सहल माना वळवून बघतेय, आणि समोर हत्ती.

"माझी," शेजारून आवाज आला.

धाकटी. मान न वळवता, काचेकडेच बघत, अगदी सहज. "माझी आहे. माझ्याच हातून आत शिवली गेली असेल. द्या इकडे."

आणि थोरलीला कळलं. ही डावीकडची सीट, ही तीन टाक्यांची गाठ. धाकटीनं पहिल्याच दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत ऐकलं होतं आणि ताडलं होतं. थोरली कधी बोलते, याची ती सोळा दिवस वाट बघत होती. आणि आता वाट बघून झाली होती. आता ती थोरलीच्या चुकीचंही ओझं उचलून, तिची अब्रू चव्वेचाळीस माणसांत झाकून, बहिणीच्या दुकानात निघून जाणार होती. शांतपणे. दोरा कुठे ठेवू, असंही न विचारता.

डॉक्टरांनी कात्री पुढे केली. धाकटीनं हात लांब केला. थोरलीनं तो हात धरला.

"नाही," ती म्हणाली. कुजबुजली नाही, तिला कुजबुजायला येतच नव्हतं. "तिची नाही. माझी आहे. मी शिवली आत, माझ्या हातानं, दुधाच्या नादात."

"शू! शू!" माईकवाली रडवेली झाली. हत्तिणीनं सोंड उचलली.

"आणि आठ महिने," थोरली आणखी मोठ्यानं म्हणाली, कारण आता थांबली असती तर पुन्हा कधीच बोलली नसती, "आठ महिने मी हिला चोर समजले."